पहारेकऱ्याची तक्रारपेटी

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तुरुंगात प्रजासत्ताक दिनानिमित्त कविसंमेलन होते. गोंदियाहून आम्ही तिघे गेलो होतो. फाटकाशी मोबाईल ठेवून घेतले, पाकिटे ठेवून घेतली. एका शिपायाने माझ्या वहीचे पान न् पान चाळले. मी हसून म्हणालो, "अहो, कविताच आहेत." तोही हसला. "आत जाताना पाहिल्या, बाहेर येताना परत पाहावं लागते जी," म्हणाला.

कार्यक्रम छान झाला. कैद्यांनी मनापासून दाद दिली. वहीवाला शिपाई दोन तास दाराशी उभा होता. परतताना तोच आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत भिंतीवर कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यावर 'तक्रारपेटी' असे लिहिले होते. मी विचारले, "यात कोण चिठ्ठी टाकते?" तो म्हणाला, "ते कैद्यायची पेटी आहे, भाऊ. आमची पेटी कोनती, ते आमाले बी मालूम नाही."

मग चालता चालता त्याने सांगितले, की दोन महिन्यांत त्याला आठवड्याची सुट्टी मिळाली नव्हती. मुलीची दहावी होती आणि बदलीचा अर्ज वर कुठेतरी पडून होता. मी सहज म्हणालो, "तुमची संघटना असेल ना?" तो थांबला. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "आमाले कुठची संघटना जी!"

त्याचा तो थांबलेला पाय माझ्या मनातून गेला नाही. मी काही कायद्याचा पदवीधर नाही, साधा बी.ए. झालेला माणूस आहे. पण त्या दिवसापासून जमेल तसे वाचत आलो, ओळखीच्या वकिलांना विचारत आलो. तुरुंगातल्या कर्मचाऱ्याला आपली संघटना का करता येत नाही आणि त्याच्याशी तुमचा-माझा काय संबंध, एवढेच आज मांडणार आहे.

प्रथम त्या पेटीविषयी. ती कुणा अधिकाऱ्याच्या लहरीने लागलेली नाही. दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका वॉर्डरने एका कैद्याचा छळ केल्याचे पत्र सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पाठवले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९७९ च्या डिसेंबरात निकाल लागला आणि त्यात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्याचे निर्देश होते. माणूस कैदी झाला म्हणून त्याचे सगळे हक्क फाटकाबाहेर राहत नाहीत, हे त्या निकालाने ठणकावून सांगितले. ही मोठी गोष्ट झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ती पेटी लागली ती पहारेकऱ्याच्या जुलमामुळे, हेही विसरता कामा नये.

पण पहारेकऱ्याचे काय? आपल्या साहित्यातही तो कुठे दिसत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. मराठीला तुरुंगाने पुष्कळ दिले. ते सारे मात्र गजांच्या आतून आले. गजांच्या अलीकडे किल्ल्यांचा जुडगा घेऊन जो उभा होता, त्याने काही लिहिले नाही आणि त्याला कोणी काही विचारलेही नाही.

आता थोडे आमच्या गोंदियाकडे येतो. आमचा जिल्हा धानाचा आणि विडीचा. तेंदूपत्ता जंगलातून यायचा आणि घराघरांत सूप मांडीवर घेऊन बायामाणसे विड्या वळायची. आमच्या मोहल्ल्यातही हेच चाले. लहानपणी मी पाहिले आहे, वळलेल्या विड्या कारखान्यात गेल्या की तिथला माणूस त्यातल्या मूठभर बाजूला काढून 'नापास' म्हणायचा. नापास विडीची मजुरी नाही. त्यावर कुरकुर व्हायची, सभा व्हायच्या, मागण्यांचे कागद निघायचे. आमच्या अब्बांना सही करता यायची, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवत. अंगठा उठवणाऱ्या बाईलाही तिथे उभे राहून बोलता येत होते. संघटना म्हणजे काय, ते मला पुस्तकाच्या आधी तिथे कळले.

त्या विडी कामगारांसाठी संसदेने १९६६ साली एक कायदा केला. कामाचे तास, रजा, नापास मालाचे वाद असे सगळे त्यात आले. तो त्या वर्षीचा ३२ क्रमांकाचा कायदा. आता त्याच वर्षीचा ३३ क्रमांकाचा कायदा पाहा. तो आहे पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा. सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसाने कोणत्याही कामगार संघटनेचा सभासद होऊ नये, असे तो सांगतो. लागोपाठच्या दोन क्रमांकांत एका हाताला बोलायची सोय झाली आणि दुसऱ्या हाताला गप्प राहायचा हुकूम झाला. विडीचा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. पण तो शेजार माझ्या लक्षात राहिला.

तुरुंगाचा शिपाई मात्र पोलीस नव्हे. खाकी दोघांची, गृहखातेही एकच, पण खाते वेगळे, भरती वेगळी, प्रशिक्षण वेगळे. त्याच्यासमोरचे दार दुसऱ्या कायद्याने बंद केले. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा कामगारांच्या तंट्यांचा मूळ कायदा होता. 'कामगार' कोणाला म्हणायचे, याची त्यात व्याख्या होती आणि कोणाला म्हणायचे नाही, याची यादीही होती. लष्करातले, पोलीस सेवेतले आणि तुरुंगाचा अधिकारी किंवा इतर कर्मचारी हे त्या यादीत होते. म्हणजे नुसता बंदूकवाला पहारेकरी नव्हे, तर तुरुंगाचा कोणताही कर्मचारी. पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुना कायदा गेला. नव्या संहितेत पुष्कळ काही बदलले, पण तुरुंग कर्मचाऱ्याला वगळणारे हे शब्द तसेच राहिले.

मग राज्यघटना काय म्हणते? संघ किंवा संघटना बनवण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदात प्रत्येक नागरिकाला आहे. ३३ वा अनुच्छेद संसदेला अधिकार देतो, की सैन्य आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत हे हक्क तिला आखडता येतील. सरकारी कर्मचाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल महत्त्वाचे आहेत. सरकारने मान्यता दिली नाही एवढ्याच कारणाने कर्मचाऱ्याला संघटनेत जाण्यापासून रोखणारा नियम न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. २००३ साली तमिळनाडूच्या प्रकरणात मात्र सांगितले, की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही.

इथे तीन पायऱ्या वेगळ्या करून पाहायला हव्यात, कारण आपण बोलताना त्या एकात एक मिसळतो. पहिली पायरी एकत्र येण्याची. चार जणांनी मिळून आपले म्हणणे मांडायचे. दुसरी वाटाघाटीची. समोरच्याने ते म्हणणे ऐकून घेण्याला बांधील असायचे. तिसरी काम बंद ठेवण्याची. तुरुंगात तिसरी पायरी नको, हे मलाही पटते. गिरणी बंद राहिली तर सूत निघत नाही, तुरुंग बंद राहिला तर आतल्या माणसाला पाणी मिळत नाही, औषध मिळत नाही, कोर्टाची तारीख चुकते. पण तिसरी नको म्हणून पहिल्या दोन पायऱ्याही काढून टाकायच्या का, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजांचे उत्तर सरळ होते. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ५४ व्या कलमात लिहिले होते, की परवानगीशिवाय किंवा दोन महिने आधी लेखी सूचना दिल्याशिवाय जो कर्मचारी काम सोडेल, त्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे नोकरी टाकून निघाला तर पहारेकऱ्यानेच आत जायचे! हा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण कितीतरी दशके वापरला. महाराष्ट्र विधिमंडळाने कारागृहे व सुधारसेवांविषयीचे नवे विधेयक मंजूर केले, ते डिसेंबर २०२४ मध्ये.

मग गाऱ्हाणे न्यायचे कुठे? वरिष्ठांकडे अर्ज करता येतो. बढती, वेतन, बदली यांविषयी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ नागपूरला आहे. पण तिथे एकेकट्याने जायचे, वकील करायचा, रजा टाकायची. आणि रजा मिळत नाही हीच तक्रार असेल तर? राजस्थानातल्या तुरुंग कर्मचाऱ्यांनी यावर जो मार्ग काढला, तो ऐकून माझ्या पोटात कालवले. पोलिसांइतके वेतन मिळावे, ही त्यांची जुनी मागणी. संप करता येत नाही. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी मेसवर बहिष्कार टाकला. काम सोडले नाही, जेवण सोडले. उपाशीपोटी पहारा दिला. ज्याच्याजवळ बोलायला तोंड उरत नाही, तो शेवटी तेच तोंड मिटून बोलतो.

सरकार घाबरते ते अगदीच उगाच नाही. महाराष्ट्राने १९८२ साल पाहिले आहे. पोलिसांच्या संघटनेला आधी मान्यता होती. मागण्या तुंबल्या. त्या वर्षी १५ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने संघटनेवर कारवाई केली आणि मुंबई पेटली. खुद्द पोलीस रस्त्यावर उतरले आणि लष्कराला बोलवावे लागले. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या दिवसाची धास्ती मंत्रालयाच्या भिंतींत अजून आहे. वर्दीतल्या माणसाची संघटना म्हटले, की पहिली आठवण तीच येते. पण त्या आठवणीतून दोन धडे निघतात. एक, वर्दीवाल्यांनी काम टाकले तर शहर उघडे पडते. दुसरा, ऐकून घ्यायचे दार बंद केले, की माणसे भिंत फोडतात. आपण पहिला धडा पाठ केला आणि दुसरा सोडून दिला.

बाहेरच्या देशांनी काय केले? इंग्लंडमध्ये १९१९ च्या पोलीस संपात लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातले पहारेकरीही उतरले आणि नोकरीला मुकले. पुढे १९३९ साली तुरुंग अधिकाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, ती आजही आहे. १९९४ च्या कायद्याने तिथे तुरुंग अधिकाऱ्यांना संपाला उद्युक्त करणे बेकायदा ठरवले, पण संघटना मोडली नाही. उलट २००१ साली त्यांच्या वेतनाचा विचार करायला एक स्वतंत्र मंडळ नेमले. संप नाही तर त्याच्या बदल्यात तिऱ्हाइताकडून न्याय, असा तो हिशेब. संघटनेचा त्या हिशेबावरही रोष आहे, पण निदान हिशेब मांडला तरी आहे.

अमेरिकेत काउंटी असते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिच्या तुरुंगात मुख्यतः खटला चालू असलेले आणि लहान शिक्षेचे कैदी असतात, जसे आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला खरा, पण आमचे कच्चे कैदी वर्षानुवर्षे भंडाऱ्यालाच जात आले. तर अशा काउंटी तुरुंगांतल्या कर्मचाऱ्यांच्या तिथे जागोजागी संघटना आहेत. पगार, जादा कामाचे पैसे, पाळ्या यांवर त्या काउंटीशी बोलणी करतात. कर्मचाऱ्यावर आरोप आला तर वकील देतात. सगळ्या राज्यांत अशी मुभा नाही, पण पुष्कळ ठिकाणी आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या तुरुंगांतले हजारो कर्मचारी संघटनेच्या संमतीवाचूनच संपावर गेले. तिथे सरकारी नोकरांना संपाची बंदी १९६७ पासून आहे. तीन आठवडे राखीव सैनिकांनी तुरुंग सांभाळले आणि शेवटी दोन हजारांहून अधिक कर्मचारी बडतर्फ झाले. जबरदस्तीच्या दुहेरी पाळ्या ही त्यांची एक तक्रार होती, आणि ती खरी होती. पण कैद्याला १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडीत ठेवायला मनाई करणारा कायदा स्थगित करा, अशीही त्यांची मागणी होती. म्हणजे एकाचा हक्क दुसऱ्याच्या पाठीवर उभा राहू पाहत होता. संघटना आली म्हणजे सगळे भले होते, असे समजण्याइतका मी भाबडा नाही.

आपल्याकडेही जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. उद्या संघटना असती, तर ती अशा वेळी कोणाच्या बाजूने उभी राहिली असती? आरोपीला वकील देणे हे तिचे काम, साक्षीदाराचे तोंड दाबणे हे नव्हे. ही रेघ आधीच स्पष्ट आखलेली हवी. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मृत्यू पावलेली ती महिला स्वतः कैदी असूनही तिथे वॉर्डरचे काम पाहत होती. कैद्यांकडूनच कैद्यांवर देखरेख करून घेण्याची ही रीत इंग्रजांच्या काळापासून आहे. माणसे अपुरी पडली, की तिच्यावर भिस्त वाढते.

माणसे किती अपुरी, ते साध्या गणिताने पाहू. २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असे म्हटले आहे. ऐकायला बरे वाटते. पण दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर एका वेळी अठरा जणांमागे एक झाला. त्यातून सुट्टी, आजारपण, इस्पितळात कैदी नेलेला असेल तर तिथला पहारा हे सगळे वजा करा. आता प्रत्यक्ष पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, जागा होती ४ लाख ३६ हजारांची. कर्मचारी होते सुमारे साडेत्रेसष्ट हजार, तेही कारकून, डॉक्टर सगळे धरून. मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के रिकामी होती. म्हणजे नऊ कैद्यांमागे एक कर्मचारी, आणि पाळीचा विचार केला तर सत्तावीस जणांमागे एक. आणि त्या कैद्यांत चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांत उद्या तुमच्या-माझ्या ओळखीचा कोणी असू शकतो.

या सत्तावीस जणांमधल्या एकाला रात्री छातीत कळ आली, तर त्याची हाक कोणाला ऐकू जाणार? सोळा तास उभ्या असलेल्या माणसाला. तो चिडला तर राग कोणावर निघणार? वरिष्ठांवर काढता येत नाही, बाहेर बोलता येत नाही, तेव्हा खाली जो आहे त्याच्यावर. म्हणून म्हणतो, पहारेकऱ्याचे ऐकणे हा कैद्याचाही प्रश्न आहे. कैद्याची तक्रारपेटी उघडून त्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या, तर निम्म्या तक्रारींचे मूळ त्या दुसऱ्या, न लावलेल्या पेटीत सापडेल असे मला वाटते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची या बाबतीतली भूमिका मला समतोल वाटते. संघटनस्वातंत्र्याचा तिचा १९४८ चा करार सैन्य आणि पोलीस यांच्यापुरती सूट देशांना देतो. तुरुंग कर्मचारी त्या सुटीत बसत नाहीत, त्यांना संघटनेचा हक्क हवा, असे तिच्या समितीने म्हटले आहे. त्याच वेळी तुरुंग ही अत्यावश्यक सेवा असल्याने तिथे संपावर बंधन घालता येते, हेही ती मानते. भारताने या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. पण आपल्याच देशात केरळमध्ये तुरुंगातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांची संघटना आहे, आणि त्यामुळे केरळचे तुरुंग काही ओस पडले नाहीत.

शेवटी एका कवीची आठवण सांगतो. आनंद नारायण मुल्ला हे उर्दूतले नामवंत शायर, १९६४ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेले. ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि पुढे लोकसभेतही गेले. १९८० ते १९८३ या काळात तुरुंग सुधारणांसाठी जी अखिल भारतीय समिती झाली, तिचे ते अध्यक्ष होते. कैद्यांच्या अन्नवस्त्रापासून सगळ्याचा विचार करतानाच तुरुंगांसाठी प्रशिक्षित माणसांची स्वतंत्र अखिल भारतीय सेवा उभारा, असे त्यांनी सुचवले. चाळीस वर्षे उलटली, ती सेवा झाली नाही. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला गजांच्या दोन्ही बाजूंची माणसे दिसली होती, एवढे मात्र खरे.

महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीद आहे 'सुधारणा व पुनर्वसन'. ते ज्याच्या हातून व्हायचे, त्याला आधी माणूस म्हणून उभे करावे लागेल. संप नको. पण सभासद होण्याची मुभा, वर्षातून ठरलेल्या दिवशी समोरासमोर बसून बोलणी, न जुळल्यास तिऱ्हाइताचा निवाडा आणि कैद्यावर हात उचलणाऱ्याला पाठीशी घालायचे नाही अशी लेखी अट, एवढे करायला काय हरकत आहे?

त्या दिवशी फाटकाबाहेर पडताना शिपायाने माझी वही नियमाप्रमाणे पुन्हा चाळली. एका कोऱ्या पानाशी थांबला. म्हणाला, "हे कोरंच राहिलं, भाऊ." मी म्हणालो, "तुमच्यासाठी ठेवले आहे." त्यावर मी आजवर कविता लिहू शकलो नाही. त्या पानावर त्याच्या गाऱ्हाण्याचे जे मला कळले, ते आज तुम्हाला सांगितले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)